वऱ्हाडातील सेंद्रिय दुग्धव्यवसाय आणि चराऊ कुरणांतील तणे : विशेष संदर्भ अमरावती व अकोला जिल्हे

बीजशब्द : सेंद्रिय दुग्धोत्पादन, ई-क्लास जमीन, गाजरगवत, तरोटा, आलटूनपालटून चराई, मेळघाट

प्रस्तावना

सेंद्रिय दूध म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः गोठ्यात शोधले जाते. गायीला कोणते खाद्य दिले, प्रतिजैविके टोचली काय, सरकी ढेप कोठून आणली, एवढ्यावर चर्चा थांबते. वऱ्हाडातील गाय मात्र गोठ्यात जेवढे खाते तेवढेच, किंबहुना पावसाळ्यात त्याहून अधिक, गोठ्याबाहेर खाते. सकाळी आखरावर गुरे जमतात, गायकी त्यांना हाकत गावच्या ई-क्लास जमिनीवर नेतो आणि दिवेलागणीला परत आणतो. या मधल्या सात-आठ तासांत जनावराच्या तोंडात काय जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ज्या शेतकऱ्याने आपल्या शेतात रासायनिक तणनाशकाचा थेंबही वापरलेला नाही, त्याच्या गायीचे दूध गाजरगवतामुळे कडू लागू शकते. अशा वेळी त्याच्या सेंद्रियतेचे प्रमाणपत्र खरे असूनही त्याचे दूध विकले जात नाही.

वऱ्हाडात सेंद्रिय शेतीचा विचार नवा नाही. अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांच्या झिरो बजेट नैसर्गिक शेतीच्या मांडणीने देशी गायीला शेतीच्या केंद्रस्थानी आणले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला. २०१८ मध्ये राज्य शासनाने डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने जैविक शेती मिशन सुरू केले, त्याचे मुख्यालय अकोल्यातच आहे. या साऱ्या चळवळीत गायीच्या शेणाचा आणि गोमूत्राचा विचार फार बारकाईने झाला. ते शेण ज्या चाऱ्यापासून होते त्या चाऱ्याचा विचार तुलनेने थोडा झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरू नये. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला जिल्ह्यांतील चराऊ जमिनींवरील प्रमुख तणे, त्यांच्या प्रसाराची कारणे आणि रसायनांशिवाय त्यांचे नियंत्रण करण्याच्या शक्यता यांचा ऊहापोह केला आहे.

चाऱ्याचे बदललेले गणित

तणांचा प्रश्न अलीकडे तीव्र का झाला, हे समजण्यासाठी पीकपद्धतीकडे पाहावे लागते. ज्वारी हे वऱ्हाडचे मुख्य अन्न होते तोवर कडब्याची गंजी हीच दुभत्या जनावरांची बँक होती. १९९० नंतर सोयाबीनने ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. सोयाबीनचे कुटार निघते खरे, पण पौष्टिकतेत आणि रुचीत ते कडब्याची बरोबरी करीत नाही. त्यामुळे बांधावरच्या, म्हणजे वऱ्हाडी बोलीत धुऱ्यावरच्या, गवतावर आणि सामाईक चराईवर भिस्त वाढली.

नेमके याच काळात धुऱ्यावरचे गवतही कमी होत गेले. निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, म्हणून ग्लायफोसेटचा वापर वाढला. तणनाशकाला दाद न देणाऱ्या, शासनमान्यता नसलेल्या कपाशीच्या वाणांनी त्याला आणखी बळ दिले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे अशा वाणाची जाहीर लागवड करून शेतकरी संघटनेने तंत्रज्ञान-स्वातंत्र्याचे आंदोलन केले, ते देशभर गाजले. त्या आंदोलनामागील मजुरीखर्चाचा मुद्दा नाकारण्याजोगा नाही. परंतु ज्या शेतात कपाशीखेरीज सारे हिरवे करपते, त्या शेतात गायीसाठी कापून आणण्याजोगी पेंढीही उरत नाही. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. खेड्यातल्या प्रत्यक्ष वापरावर अशा आदेशाचा परिणाम किती होतो, हे ग्रामीण भागाशी संबंध असलेल्या वाचकांस सांगावयास नको.

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या मानकांनुसार सेंद्रिय पशुपालकाला कृत्रिम तणनाशक निषिद्ध आहे. याचा अर्थ असा, की शेजाऱ्याकडे उपलब्ध असलेला सर्वांत सोपा उपाय त्याला वर्ज्य आहे, आणि शेजाऱ्याच्या फवारणीने धुऱ्यावरचा चारा दूषित होण्याचा धोका मात्र त्यालाच सोसावा लागतो. म्हणून तो गुरे ई-क्लासवर पाठवितो. तेथे फवारणी नसते. तेथे तणे असतात.

कुरणाची उतरंड

तण हा मूळ रोग आहे की रोगाचे लक्षण, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील गवताच्छादनाच्या सर्वेक्षणात दख्खनच्या पठाराचा समावेश ‘सेहिमा-डायकँथियम’ या प्रकारात केला आहे. सेहिमा म्हणजे आपले पवन्या गवत आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. ही दोन्ही बहुवार्षिक, खोल मुळांची आणि जनावरांना अत्यंत आवडणारी गवते होत. मुरमाड उतारावर पवन्या व डोंगरी, तर काळ्या भारी जमिनीत मारवेल, ही वऱ्हाडातील चांगल्या कुरणाची खूण.

जनावर आवडते गवत आधी खाते. चराई अमर्याद असेल तर पवन्या आणि मारवेल यांना फुलोऱ्यावर येण्याची, बी धरण्याची उसंतच मिळत नाही. वारंवार खुडल्यामुळे मुळांतील अन्नसाठा संपतो आणि ठोंब मरतात. त्यांची जागा प्रथम कुसळी गवत घेते. कुसळीला जनावरे कोवळेपणी तोंड लावतात, पण आश्विन-कार्तिकात तिची टोकदार कुसळे तोंडात व कातडीत रुतू लागली की टाळतात. त्यावर उपाय म्हणून उन्हाळ्यात माळ पेटवून देण्याची रीत काही ठिकाणी आहे. जाळल्याने कुसळीचेच फावते, कारण तिचे बी मातीत रुतून बसलेले असते. पुढच्या पायरीवर वर्षायू, आखूड, निकस गवते येतात आणि त्यानंतर उघडी पडलेली माती तरोटा, रानतुळस व गाजरगवत यांच्या ताब्यात जाते. थोडक्यात, गाजरगवत चांगल्या कुरणात शिरून ते बिघडवीत नाही. बिघडलेल्या कुरणातील मोकळी जागा ते भरून काढते. ही उतरंड ध्यानात न घेता केवळ उपटण्याचा कार्यक्रम घेतला, तर दरवर्षी तोच कार्यक्रम घ्यावा लागतो.

गाजरगवत

पार्थेनियम हिस्टेरोफोरस या मूळच्या अमेरिका खंडातील वनस्पतीस वऱ्हाडात गाजरगवत वा काँग्रेस गवत म्हणतात. अमेरिकेतून पी.एल. ४८० कराराखाली आलेल्या गव्हाबरोबर ते भारतात आले, ही समजूत पाठ्यपुस्तकांपासून चावडीपर्यंत सर्वत्र आढळते. तथापि, पुण्यातील उकिरड्यांवर प्रा. परांजपे यांनी ही वनस्पती १९५१ मध्ये पाहिल्याची नोंद आहे. पी.एल. ४८० हा कायदाच मुळी १९५४ चा, आणि भारताशी त्याखाली करार झाला तो १९५६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी राव यांनी या वनस्पतीची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली त्याच वर्षी. त्याआधीच्या परदेशी धान्यातून बी आले असणे शक्य आहे, परंतु त्या विशिष्ट कराराला दोष देणे कालक्रमाशी जुळत नाही.

एका झाडापासून १५ ते २५ हजार बिया तयार होतात. त्या इतक्या हलक्या असतात, की वारा, पाणी, ट्रॅक्टरची चाके आणि जनावरांच्या खुरांना चिकटलेला चिखल यांतून सहज पसरतात. बियांना दीर्घ सुप्तावस्थेची गरज नसल्याने ओल मिळेल तेव्हा त्या उगवतात, आणि मातीत खोल गेलेल्या बिया काही वर्षे तग धरतात. चार महिन्यांत जीवनचक्र पूर्ण होत असल्याने वर्षातून दोन-तीन पिढ्या सहज होतात. वनस्पतीतून झिरपणारी द्रव्ये शेजारच्या रोपांची वाढ रोखतात, ही आणखी एक जमेची बाजू. अर्थात तिच्यासाठी.

पशुपालकाच्या दृष्टीने महत्त्वाचे द्रव्य म्हणजे पार्थेनिन. १९७७ मध्ये नरसिंहन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहारातील गाजरगवताचे प्रमाण १० ते ५० टक्के असल्यास ते गायी-म्हशींना प्राणघातक ठरू शकते, असे दाखविले. व्यवहारात जनावर एवढे गाजरगवत आपणहून खात नाही, वासानेच मान फिरविते. धोका दोन प्रसंगी असतो : चैत्र-वैशाखात, जेव्हा माळावर दुसरे काही हिरवे उरत नाही, आणि कापून आणलेल्या पेंढीत ते मिसळले जाते तेव्हा. अल्प प्रमाणात पोटात गेल्यास प्राणावर बेतत नाही, पण दुधाला कडसर चव येते. गावातल्या गावात रतीब घालणाऱ्याला ही गोष्ट ग्राहकाच्या तोंडून कळते. संकलन केंद्रावर दूध घालणाऱ्याला मात्र ती कळतच नाही, कारण तेथे स्निग्धांश मोजतात, कडूपणा मोजत नाहीत.

याखेरीज एक मानवी बाजू आहे. १९७० च्या दशकातच पुण्यातील वैद्यकांनी गाजरगवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाची नोंद केली होती. वऱ्हाडात निंदणाचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. उघड्या हातांनी फुलोऱ्यातील गाजरगवत उपटून घेणे म्हणजे गायीचा त्रास बाईच्या हातावर घेणे होय. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडके या गोष्टी ‘श्रमदान’ या शब्दाच्या उत्साहात विसरल्या जातात. आधी खाज सुटलेली आहे अशा व्यक्तीला या कामापासून पूर्णपणे दूर ठेवणेच योग्य.

मित्रकीटक व त्याच्या मर्यादा

गाजरगवताच्या जैविक नियंत्रणासाठी मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा १९८३ मध्ये बंगळूर येथे आणण्यात आला व पुढील वर्षी सोडण्यात आला. प्रौढ भुंगे आणि त्यांच्या अळ्या दोन्ही पाने खातात. सूर्यफुलावर तो आढळल्याने काही काळ भीती पसरली होती, परंतु तो त्या पिकाचा खरा शत्रू नसल्याचे पुढील तपासणीत दिसून आले. आज तो वऱ्हाडातही पावसाळ्यात अनेक ठिकाणी आपसूक आढळतो. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालय या भुंग्याच्या संवर्धनाचे काम करते आणि त्याच्याच पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळला जातो.

या भुंग्याकडून अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. पावसाळा सरला की तो जमिनीत सुप्तावस्थेत जातो. हिवाळ्यात आणि पाटाच्या वा नाल्याच्या ओलीवर उन्हाळ्यात उगवणाऱ्या गाजरगवताला त्याचा उपद्रव नसतो. शिवाय शेजारी कीटकनाशकांची फवारणी होत असलेल्या कपाशीच्या पट्ट्यात त्याची वस्ती टिकणे कठीण. सेंद्रिय पशुपालकाने पावसाळ्याच्या प्रारंभी, जेथे गाजरगवत दाट आहे आणि माणसे पोहोचत नाहीत अशा जागी भुंगे सोडावेत आणि ज्या तुकड्यात ते सोडले आहेत तेथील गाजरगवत लगेच उपटू नये. एकीकडे भुंगे सोडायचे आणि आठवड्याने त्याच जागी श्रमदान घ्यायचे, असा प्रकार शासकीय उद्दिष्टांच्या घाईत घडू शकतो.

मिठाच्या १५ ते २० टक्के द्रावणाची फवारणी हा पडीक जमिनींसाठी सुचविला जाणारा उपाय रासायनिक तणनाशकात मोडत नाही, म्हणून तो सेंद्रिय शेतकऱ्यांना आकर्षित करतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तो कटाक्षाने टाळावा. ज्या मातीत आधीच क्षार साठलेले आहेत तेथे मीठ ओतणे म्हणजे तणाबरोबर मारवेललाही निरोप देणे. या पट्ट्याचे नाव ज्या जनावराने राखले आहे ती पूर्णाथडी म्हैस २०२३ मध्ये राष्ट्रीय स्तरावर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. तिचे मोल तिच्या काटकपणात आहे. परंतु काटक जनावर निकस चाऱ्यावर जगते, याचा अर्थ त्याला निकस चारा द्यावा असा होत नाही.

तरोटा : भाजी, बी आणि तण

गाजरगवताविषयी सर्वांचे एकमत आहे, तरोट्याविषयी नाही. मृगाच्या सरींनंतर उगवलेल्या कोवळ्या तरोट्याची भाजी वऱ्हाडातील घरोघरी आवडीने खाल्ली जाते. पुढे शेंगा वाळल्यावर त्यांचे बी झोडपून व्यापाऱ्याला विकणारी भूमिहीन कुटुंबेही आहेत. जनावरे मात्र हिरव्या तरोट्याला उग्र वासामुळे तोंड लावीत नाहीत. परिणामी चराऊ माळावर श्रावणात सर्वत्र हिरवेगार दिसते आणि गाय उपाशी परत येते. बी कठीण कवचाचे असल्याने ते मातीत अनेक वर्षे टिकते, म्हणून एका हंगामाच्या निष्काळजीपणाची किंमत पुढे दीर्घकाळ मोजावी लागते.

याच कुळातील सेन्ना युनिफ्लोरा ही वनस्पती गाजरगवताला हटविते, अशी निरीक्षणे धारवाड परिसरात व महाराष्ट्रातही झाली आणि तिचे बी मुद्दाम पसरविण्याच्या मोहिमा निघाल्या. रस्त्याच्या कडेला वा पडीक भूखंडावर हा उपाय समर्थनीय असेल. चराऊ कुरणात तो सर्वथा अयोग्य आहे, कारण जनावरांच्या दृष्टीने एक अखाद्य वनस्पती जाऊन दुसरी येते, इतकेच घडते. सर्वसाधारण तणनियंत्रण आणि कुरणातील तणनियंत्रण यांतील भेद येथे स्पष्ट होतो. कुरणात प्रश्न ‘काय गेले’ असा नसून ‘त्या जागी काय आले’ असा आहे.

तरोट्याच्या बाबतीत मेळघाटातील अनुभव मार्गदर्शक आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत व्याघ्र प्रकल्पातील बोरी, कोहा व कुंड या गावांचे पुनर्वसन झाले. मोकळ्या झालेल्या शेतजमिनी आपोआप कुरणे बनतील ही अपेक्षा फोल ठरण्याची चिन्हे होती, कारण नांगरटीची सवय असलेल्या मोकळ्या मातीत प्रथम येतात ती तरोटा व रानतुळस यांसारखी तणे. चिखलदरा येथील महाविद्यालयातील गवतांचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांच्या मार्गदर्शनाखाली वनविभागाने तेथे कुरणविकासाचे काम हाती घेतले. पद्धतीचे सूत्र साधे आहे : तण बी धरण्यापूर्वी मुळासकट उपटायचे, ते ओळीने काही हंगाम करायचे, आणि त्याच वेळी परिसरातील स्थानिक गवतांचे बी गोळा करून रिकाम्या जागी टाकायचे. तेथील लाभार्थी गायी नसून सांबर आणि गवे आहेत, एवढाच फरक. गवताच्या दृष्टीने तोंड कोणाचे आहे याला महत्त्व नाही.

ई-क्लास जमिनीवर हेच सूत्र लावताना मात्र मेळघाटात नसलेली अडचण उभी राहते. पोळ्याच्या आगेमागे, म्हणजे शेंगा पक्व होण्यापूर्वी, तरोटा उपटला तर बी विकणाऱ्या कुटुंबाचे दोन पैसे बुडतात. ते कुटुंब बहुधा गाय पाळणारे नसते, आणि ग्रामसभेत त्याचा आवाजही क्षीण असतो. संपूर्ण माळ एकदम स्वच्छ करण्याऐवजी चराईसाठी राखलेल्या भागातूनच तरोटा काढावा, गावरस्ते आणि नाल्याकडेचा तरोटा त्या कुटुंबांसाठी ठेवावा, आणि उपटण्याच्या कामाची मजुरी शक्यतो त्यांनाच मिळावी, अशी तडजोड गावाने करणे इष्ट. नाल्याकडेचे बी पुन्हा माळावर येणार, हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. परंतु ज्या उपायामुळे गावातील एक घर दुखावते तो उपाय दुसऱ्या वर्षी होत नाही, हेही तितकेच बरोबर आहे.

इतर काही वनस्पती

मेळघाटात व त्याच्या पायथ्याशी अकोट, तेल्हारा, अचलपूर, चिखलदरा या तालुक्यांत रायमुनिया, म्हणजेच घाणेरी, चराईक्षेत्रात शिरलेली आढळते. शोभेचे झुडूप म्हणून १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आलेल्या या वनस्पतीत यकृतास घातक द्रव्ये असतात. ती खाल्लेल्या जनावरास कावीळ होते आणि उन्हात त्याची कातडी सोलवटते. कापल्यास ती दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू व सहकाऱ्यांनी सुचविलेली, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मूळ छाटून झुडूप उलटे ठेवण्याची पद्धत अधिक परिणामकारक आहे.

नदीनाल्यांच्या काठी शंकेश्वर उगवते. त्याची दोन पानांवर असलेली रोपेच सर्वाधिक विषारी असतात, म्हणून पूर ओसरल्यानंतर काही दिवस वासरे काठावर सोडू नयेत. कुंपणासाठी लावलेली बेशरम तोडून नाल्यात फेकली, तर तिच्या प्रत्येक तुकड्याचे नवे झाड होते. तोडलेल्या काड्या उंच जागी पूर्ण वाळविणे हाच उपाय. धोतरा, रुई यांच्याविषयी गुराख्यांना पुरेशी माहिती असते.

रसायनाविना नियंत्रणाचे वेळापत्रक

तणनियंत्रणात कोणते अवजार वापरावे यापेक्षा कोणत्या आठवड्यात वापरावे, याला अधिक महत्त्व आहे. गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासह उपटले तरच उपयोग होतो. वऱ्हाडची काळी माती पाऊस पडताच पायांना चिकटते आणि उघाड पडताच दगडासारखी होते. वाफसा येतो ते तीन-चार दिवसच या कामाचे. नेमके तेच दिवस डवरणीचेही असतात. स्वतःची कपाशी सोडून कोणी सामाईक माळावर येईल, ही अपेक्षा वास्तवाला धरून नाही. म्हणून माळाचे क्षेत्र लहान तुकड्यांत विभागून, एका वेळी एकच तुकडा हाती घेणे श्रेयस्कर. विळ्याने वरवर कापणी केल्यास गाजरगवत बुंध्यापासून फुटते आणि आखूड राहून जमिनीलगत फुलते. असे झाड नजरेतून सुटते.

उपटलेल्या तणाचे काय करायचे, हा प्रश्न बहुतेक मोहिमांत शेवटी सुचतो. फुलोऱ्यापूर्वीचे गाजरगवत शेण व माती यांच्या थरांत कुजवून उत्तम खत होते. फुलोऱ्यानंतरचे झाड मात्र नेहमीच्या उकिरड्यावर टाकू नये. उकिरड्यातील उष्णता सर्व बिया मारण्याइतकी नसते आणि तेच शेणखत जूनमध्ये शेतात पसरले जाते. बियांसह उपटावेच लागले, तर ते एका जागी ढीग करून वाळवून जाळणे हाच कमी वाईट मार्ग. अर्धवट कुजलेले शेणखत हे सेंद्रिय शेतातील तणांचे एक मोठे प्रवेशद्वार आहे, कारण बाभूळवर्गातील झाडांच्या कठीण कवचाच्या बिया जनावराच्या पोटातून न पचता बाहेर पडतात. उलंगवाडीनंतर गावात येणारे काठेवाडी गोपालकांचे कळप आणि मेंढरांचे वाडे शेतात बसविण्याची पद्धत खतासाठी मोलाचीच आहे. मात्र असे कळप जेथे बसले तेथे पुढील पावसाळ्यात नव्या रोपांवर लक्ष ठेवावे. गावची गुरेही हेच करतात, तेव्हा दोष केवळ परक्यांना देण्याचे कारण नाही.

तणाचा खरा प्रतिस्पर्धी गवत आहे. कुरणाचे तीन किंवा चार भाग करून त्यांपैकी एक भाग दरवर्षी संपूर्ण पावसाळाभर चराईस बंद ठेवला, तर त्या भागातील उरलेसुरले पवन्या, मारवेल, डोंगरी यांचे ठोंब बी धरतात व ते बी तेथेच पडते. बी पडल्यानंतर गवत कापून नेता येते, म्हणजे बंदीचा अर्थ चारा वाया जाणे असा होत नाही. पुढील वर्षी दुसरा भाग बंद ठेवावा. ज्या ठिकाणी चांगल्या गवताचे ठोंबच उरलेले नाहीत, तेथे धुऱ्यावरून वा जवळच्या राखीव कुरणातून हिवाळ्याच्या तोंडी बी गोळा करावे. गवताचे बी हलके व केसाळ असल्याने नुसते फेकल्यास उडून जाते. शेण, माती व वाळू यांत कालवून त्याच्या गोळ्या कराव्यात आणि मृगापूर्वी टाकाव्यात. कोरड्या मुरमाड उतारावर स्टायलो या द्विदल चाऱ्याची जोड देता येते. पहिल्या वर्षी फारसे काही दिसत नाही. याच वर्षी गावाचा धीर सुटतो आणि ‘बंदी’ मोडली जाते.

ज्या पशुपालकाकडे स्वतःची थोडी पडीक जमीन आहे त्याने दुभत्या गायी तेथे आणि भाकड जनावरे व कालवडी माळावर, अशी विभागणी करावी. गाजरगवताचा दुधावरील परिणाम टाळण्याचा हा तात्पुरता पण लगेच अमलात येणारा मार्ग आहे. कापून आणलेली पेंढी गव्हाणीत टाकण्यापूर्वी सोडून निवडण्याची सवयही याच प्रकारची. तिला पैसा लागत नाही, वेळ लागतो.

सामाईक जमिनीचा प्रश्न

वरील सर्व उपायांत एक गृहीतक आहे, ते म्हणजे माळ शिल्लक आहे. ई-क्लास जमिनींवर घरकुले, शेततळी, क्रीडांगणे, शासकीय इमारती आणि वैयक्तिक अतिक्रमणे यांनी वर्षानुवर्षे हक्क सांगितला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही गायरान जमिनींच्या वाटपावर निर्बंध आणणारा निर्णय काढला. अतिक्रमणधारकांत भूमिहीन, दलित व आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, हे वास्तव लक्षात घेता हा प्रश्न केवळ गाय विरुद्ध अतिक्रमण असा मांडणे योग्य नव्हे. परंतु जी जमीन खरोखर चराईखाली उरली आहे, तिच्या देखभालीची जबाबदारी कोणाची, हे कागदोपत्री ग्रामपंचायतीची व व्यवहारात कोणाचीच नाही, अशी आजची स्थिती आहे.

सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या दृष्टीनेही येथे एक पेच उद्भवतो. सहभागी हमी पद्धतीत गटातील शेतकरी एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. शेताला मालक असतो, म्हणून पाहणीचा कागद भरता येतो. माळाला मालक नसल्याने तेथील चाऱ्याविषयी कोण काय लिहून देणार? गटाने ग्रामसभेकडून दोन गोष्टींचा ठराव करून घेणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग दिसतो. पहिली, चराईक्षेत्रात आणि त्याला लागून असलेल्या नाल्याकाठी कोणतेही तणनाशक फवारले जाणार नाही. दुसरी, कोणता भाग कोणत्या वर्षी बंद राहील आणि त्याची राखण कोण करील. राखणीचे काम गायकीकडेच सोपवावे, कारण माळाच्या कोणत्या कोपऱ्यात गाजरगवत पहिल्यांदा उगवते हे त्याला पाठ असते. त्याचा मोबदला आजवर जनावरामागे ठरत आला आहे. राखलेल्या भागासाठी तो वेगळा ठरवावा लागेल. ठरावाच्या मसुद्यात हा मोबदल्याचा आकडा नेमका कोरा राहणार नाही, याकडे गटाने आधी लक्ष द्यावे.